परक्याच्या फोनवर आलेला शोक

माणूस जातो, पण त्याचा मोबाइल नंबर लगेच जात नाही. कपाटात ठेवून दिलेल्या फोनवर बँकेचे, विम्याचे, वाढदिवसाची सवलत देणाऱ्या दुकानांचे मेसेज येत राहतात. मग घरातलं कुणीतरी रिचार्ज करणं थांबवतं, नंबर बंद पडतो आणि ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. भारतात ही मुदत किमान ९० दिवसांची आहे, अमेरिकेत तर किमान ४५ दिवसांची. म्हणजे वर्षश्राद्धाला अजून कितीतरी महिने बाकी असतात, तेव्हाच त्या दहा आकड्यांवर एखादा भलताच माणूस 'हॅलो' म्हणू शकतो.

शोकाचा काळ आणि जगाचा काळ यांचा कसा मेळ बसत नाही, हे दाखवायला याहून नेमकी गोष्ट शोधून सापडायची नाही. 'लव्ह अगेन' हा २०२३ सालचा इंग्रजी चित्रपट तिच्यावरच उभा आहे. मीरा रे (प्रियांका चोप्रा) ही न्यूयॉर्कमधली, लहान मुलांच्या पुस्तकांची लेखिका आणि चित्रकार. तिचा प्रियकर जॉन रस्त्यावरच्या अपघातात जातो. दोन वर्षांनी, पुन्हा कामाला लागायची धडपड करताना, ती त्याच्या जुन्या नंबरवर मेसेज लिहू लागते. तो नंबर आता रॉब बर्न्स (सॅम ह्यूअन) या संगीत-समीक्षकाला त्याच्या वृत्तपत्राने दिलेल्या नव्या फोनचा आहे. रॉबचं लग्न ऐनवेळी मोडलेलं. तो मेसेज वाचतो, वाचतच राहतो, लिहिणारीच्या प्रेमात पडतो, तिला गाठतो आणि आपण काय वाचलं आहे हे तिच्यापासून लपवतो.

पुढचं सांगायला चित्रपट पाहावा लागत नाही. गुपित फुटतं, ती दुखावते, समेट होतो. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, तिकीटबारीवरही तो फारसा चालला नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. मला मात्र हळहळ वाटते. नुसते वाईट चित्रपट दर शुक्रवारी येतात, त्यांच्यावर लिहायचं कारण नाही. इथे हाताशी आलेली दुर्मीळ कल्पना वाया गेली आहे, आणि ती नेमकी कोणत्या वळणावर वाया गेली हे बोट ठेवून दाखवता येतं.

करणाऱ्यांना शोकातलं काही कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. दिग्दर्शक जेम्स सी. स्ट्राउस यांनी 'ग्रेस इज गॉन' (२००७) केलेला आहे. सैन्यात असलेली बायको इराकमध्ये मारली गेल्याची बातमी घेऊन लष्कराची माणसं दारात येतात. नवऱ्याला (जॉन क्यूसॅक) ती दोन लहान मुलींना सांगता येत नाही. तो त्यांना गाडीत बसवतो आणि फ्लोरिडातल्या एका अम्युझमेंट पार्ककडे निघतो. एवढीच गोष्ट. सनडान्स महोत्सवात त्या वर्षी तिला प्रेक्षक-पसंतीचा आणि पटकथेचा, असे दोन पुरस्कार मिळाले. सेलीन डिऑन 'लव्ह अगेन'मध्ये सेलीन डिऑन म्हणूनच वावरते. तिचे पती रेने आँजेलील जानेवारी २०१६ मध्ये कर्करोगाने गेले आणि दोन दिवसांनी तिचा भाऊही गेला. प्रियांकाचे वडील जून २०१३ मध्ये गेले. त्यांच्या अक्षरातले शब्द तिच्या मनगटावर गोंदलेले आहेत, आणि तिच्याच निर्मितीसंस्थेच्या 'व्हेंटिलेटर' या मराठी चित्रपटासाठी तिने 'बाबा' हे गाणं स्वतः गायलं ते वडिलांना स्मरून. एकाने शोकावर उत्तम काम केलेलं, दोघींनी तो सोसलेला. तरीही या तिघांच्या हातून असा पोकळ चित्रपट का निघावा?

उत्तर 'ग्रेस इज गॉन'मध्येच आहे. प्रवासात मुली आजूबाजूला नाहीत असं पाहून तो नवरा स्वतःच्याच घरी फोन लावतो. घरी कुणी नसतं. आन्सरिंग मशीनवर बायकोच्या आवाजातला निरोप असतो. तो आवाज तो ऐकतो आणि तिच्याशी बोलतो, आपण मुलींना काय सांगू शकलो नाही ते तिला सांगतो. १६ वर्षांनी त्याच दिग्दर्शकाकडे तीच कल्पना नव्या यंत्रात बसून आली. फरक एकच होता. पहिल्या चित्रपटात पलीकडे कुणीही नव्हतं. दुसऱ्यात कुणीतरी होतं.

हा फरक किती मोठा आहे, हे 'लव्ह अगेन'ला उमगलेलंच नाही. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या ओत्सुची गावात इतारू सासाकी या गृहस्थांनी २०१० मध्ये आपल्या बागेत टेलिफोनची एक जुनी खोली उभी केली. आतल्या फोनची तार कुठेही जोडलेली नाही. त्यांच्या नात्यातला एक भाऊ गेला होता आणि त्याच्याशी त्यांना बोलायचं होतं. पुढच्याच वर्षी, मार्च २०११ मध्ये, त्सुनामीने तो किनारा धुऊन नेला आणि मग लांबलांबून हजारो लोक त्या खोलीत येऊन बोलून जाऊ लागले. आलेल्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असतं की तार तुटकी आहे. म्हणूनच ते येतात.

कारण शोकात जिवंत माणसांशी बोलणं हेही एक काम असतं. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा दर अर्ध्या तासाने तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते, आणि समोरच्याचा चेहरा फार पडला तर त्यालाच धीर द्यावा लागतो. किती रडायचं, कुणासमोर रडायचं, कधी आवरायचं याचे अलिखित नियम असतात. गेलेल्या माणसाशी बोलताना ते सुटतात. त्याच्यावर चिडता येतं, विम्याचे कागद कुठे ठेवलेस म्हणून भांडता येतं, भाजी खारट झाली एवढंही सांगता येतं. उत्तर येणार नसतं, म्हणून शोभून दिसायची गरज नसते. हे बोलणं एकतर्फी असणं हीच त्याची मोकळीक.

रोमँटिक कॉमेडीचा सगळा प्राण मात्र दुतर्फी बोलण्यात असतो. एकाने टोला मारायचा, दुसऱ्याने परतवायचा. शोकाची एकतर्फी भाषा या दुतर्फी खेळात आणायची, तर मधे काहीतरी मोडणार हे उघड आहे. ते मोडतं कसं, हेच दाखवायला हवं होतं.

'लव्ह अगेन'ने त्याऐवजी तयार साचा उचलला: एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही. हा साचा जुना आणि चांगला आहे. एर्न्स्ट लुबिचच्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'मध्ये (१९४०) एकाच दुकानातले दोन नोकर एकमेकांना न ओळखता पत्रं लिहितात. नोरा एफ्रनने १९९८ मध्ये त्याचंच 'यू हॅव गॉट मेल' केलं. त्यातही एक शोक आहे, आणि तो फार हलक्या हाताने ठेवलेला आहे. कॅथलीनचं पुस्तकांचं दुकान तिच्या आईचं आहे, आणि दुकान बंद पडतं तेव्हा आई पुन्हा एकदा जाते. पत्र लिहिणारा हाच आपला धंदा बुडवणारा, हे तिला उशिरा कळतं, तरी शेवट पटतो. का पटतो? कारण पलीकडे कुणीतरी जिवंत माणूस वाचतो आहे, हे तिला पहिल्या अक्षरापासून माहीत होतं. ती त्याच्यासाठीच लिहीत होती. तो कोण, एवढंच गुपित होतं.

मीरा तशी कुणासाठीही लिहीत नव्हती. म्हणून रॉबच्या वागण्याला 'खोटं बोलला' हा शब्द पुरत नाही. जिथे कुणीच नसायला हवं होतं अशा खोलीत तो बसून होता. शिवाय तिथे ऐकलेलं वापरून त्याने तिच्यापर्यंतची वाट काढली. तिला कशाची आवड आहे, ती कुठे असणार आहे, ती कशाने हळवी होते, हे त्याला तिच्या शोकानेच सांगितलं. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने यावर थरारपट केला असता आणि कुणालाही नवल वाटलं नसतं. रॉब देखणा आणि भला आहे, एवढ्या आधारावर चित्रपट आपल्याला हे विसरायला सांगतो. भला माणूस असं करू शकतो, हे मला मान्य आहे. किंबहुना भल्या माणसाने केल्यामुळेच प्रसंग अवघड आणि रंगतदार होतो. पण मग त्या अवघडपणाला सामोरं जावं लागतं.

आणि एक प्रसंग तर या कथेत असायलाच हवा होता. तो नाही, आणि त्याचं नसणं मला इतर सगळ्या दोषांहून मोठं वाटतं. गुपित फुटतं त्या क्षणी मीरा फक्त रॉबला गमावत नाही. तिचा जॉनही पुन्हा एकदा जातो. तोवर तो नंबर म्हणजे तिच्या मनातली एक जागा होती. आता तिला कळतं की तिथे जॉन नव्हता, कुणी दुसराच होता. तिचा शेवटचा मेसेज, त्याआधीचा, अगदी पहिला, सगळे मागे जाऊन बदलतात. यापुढे जॉनशी बोलावंसं वाटलं तर कुठे बोलणार? रस्त्यावर त्याला गाडीने उडवलं तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि या दुसऱ्या खेपेलाही नाही. चित्रपटाला इथे फक्त एका प्रेयसीचा राग दिसतो. तो राग शमवणं सोपं असतं, गेल्या ७०-८० वर्षांत हॉलिवूडने त्याच्या शंभर युक्त्या शोधून ठेवल्या आहेत. पण जिचा मृत प्रियकर दुसऱ्यांदा हिरावला गेला तिची समजूत कशी घालायची, याची युक्ती कुणाकडे तयार नाही. लेखकाला तिथे स्वतः काहीतरी शोधावं लागलं असतं.

जॉनबद्दलही असंच. अरिन्झे केने या चांगल्या नटाच्या वाट्याला सुरुवातीची थोडकी मिनिटं येतात. तो प्रेमळ होता, हसरा होता, मीरावर त्याचा जीव होता. यापलीकडे त्याला चेहरा नाही. तो घोरत होता का, उधळ्या होता का, त्यांचं कधी भांडण झालं होतं का? मेलेल्या माणसाला दोष उरत नाहीत, ही शोकाची पहिली फसवणूक असते, आणि चांगली शोककथा ती फसवणूक हळूहळू उकलते. इथे चित्रपट स्वतःच तिला बळी पडलेला आहे. त्यातून पुढची अडचण उभी राहते. रॉब ज्या बाईच्या प्रेमात पडतो, तिचं एकच रूप त्याने पाहिलेलं आहे: दुसऱ्या पुरुषावर जीव ओवाळून टाकणारी. खरं तर तो तिच्या जॉनवरच्या प्रेमाच्या प्रेमात पडला आहे. हा त्रिकोण आहे, आणि त्याचा तिसरा कोन हरवता येत नाही, कारण तो भांडायला हजर नाही. रॉबला जॉनचा हेवा वाटायला हवा होता. आपल्याबद्दल कुणी कधी असं लिहील का, हा प्रश्न त्याला छळायला हवा होता. जॉनच कोरा ठेवल्यावर हेवा तरी कशाचा वाटणार?

अँथनी मिंगेलाने पहिल्याच चित्रपटात ही अडचण ज्या धिटाईने सोडवली, तिला तोड नाही. 'ट्रूली, मॅडली, डीपली' (१९९०). लंडनमधली नीना (ज्युलिएट स्टीव्हन्सन) दुभाषी आहे आणि तिचा चेलो वाजवणारा प्रियकर जेमी (अॅलन रिकमन) गेलेला आहे. सुरुवातीला ती समुपदेशकासमोर रडते ते रडणं पडद्यावर क्वचितच दिसतं: नाक वाहतं, शब्द फुटत नाहीत, चेहरा कुरूप होतो. आणि मग जेमी परत येतो, भूत होऊन. आनंदाला पारावार राहत नाही. पण काही दिवसांत त्याला थंडी वाजू लागते म्हणून घराचं हीटिंग अतोनात वाढतं. तो फर्निचर हलवतो. स्वतःचे मेलेले मित्र घरी आणतो आणि ती सगळी मंडळी रात्ररात्र व्हिडिओवर जुने चित्रपट पाहत बसते. नीनाला आपल्याच घरात जागा उरत नाही. ज्याच्यासाठी जीव तुटत होता तो असह्य होऊ लागतो, आणि त्याच्यासोबत प्रत्यक्षात राहणं कसं होतं हे तिला हळूहळू आठवतं. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येतं की शोक सुटायची हीच वाट आहे. गेलेल्याला पुन्हा माणूस करायचं, त्याच्या सगळ्या खोडींसकट. मग एक नवा पुरुष तिच्या आयुष्यात येतो, तेव्हा आपल्यालाही तो चालतो. जेमी हे सगळं मुद्दाम करतो आहे का, या शंकेला मिंगेला शेवटपर्यंत उत्तर देत नाही. फार मोठा संयम आहे तो.

हिंदीत २०१७ साली तनुजा चंद्रांनी 'करीब करीब सिंगल' केला. त्यातल्या विधवा जयाने (पार्वती) संगणकाचे पासवर्ड अजून गेलेल्या नवऱ्याच्याच नावावर ठेवलेले असतात. एवढ्याशा तपशिलात तिचं सगळं अडकलेपण कळतं, आणि ते गमतीचंही आहे. 'लव्ह अगेन'मध्ये मीराच्या शोकाला असा एकही पासवर्ड नाही.

आता विनोदाकडे येतो, कारण 'हलकाफुलका चित्रपट आहे, त्यावर एवढं ओझं कशाला' हा आक्षेप तिथूनच येणार. आक्षेपाच्या मुळाशी एक समजूत आहे: शोक जड, हसू हलकं, दोन्ही एका चित्रपटात आणायचं तर आलटूनपालटून आणावं लागतं. 'लव्ह अगेन'ही याच समजुतीवर चालतो. मीरा रडते त्या दृश्यांत कुणी हसत नाही. हसायची दृश्यं वेगळी आहेत: रॉबच्या कचेरीतली थट्टा, किंवा डेटिंग अॅपवरून भेटलेल्या आगाऊ तरुणाशी मीराची भेट. तो तरुण म्हणजे प्रियांकाचा खराखुरा नवरा निक जोनस. गंमत बरी आहे, पण ती चित्रपटाबाहेरची आहे.

शोकाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही समजूत कधीच सोडून दिली आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातले पाच टप्पे चित्रपटवाल्यांना पाठ असतात, पण ते मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेले होते. मागे राहिलेल्यांचा शोक असा पायऱ्या चढत जात नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी मांडलं की शोकातला माणूस सतत ये-जा करतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या कामाकडे, एकाच दिवसात कितीदा तरी. जॉर्ज बोनानो आणि डॅकर केल्टनर यांनी जोडीदार गमावलेल्यांना त्याच्याविषयी बोलताना पाहिलं. बोलता बोलता मनापासून हसणारी माणसं पुढे अधिक सावरलेली आढळली, असं त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. दहाव्याला घाटावर पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मंडळींमध्ये जे दबक्या आवाजात चालतं, ते ज्याने ऐकलं आहे त्याला हे कळायला अभ्यासाची गरज नाही. कावळा शिवत नाही, ऊन वाढतं, गेलेल्याची नक्की कोणती इच्छा राहिली यावर दोन मेहुण्यांचं वाजतं, कुणीतरी त्याच्या आवडीच्या ब्रँडचं नाव हळूच घेतं आणि खुद्द मुलगाही हसतो. त्या हसण्याने शोकाला जराही उणेपण येत नाही.

प्रियांकाच्या निर्मितीसंस्थेनेच हे पडद्यावर करून दाखवलेलं आहे, म्हणून अधिक वाईट वाटतं. राजेश मापुस्कर यांचा 'व्हेंटिलेटर' २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि मापुस्करांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गजाकाका अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत आणि गणपती तोंडावर आलेत. कामेरकर खानदान रुग्णालयात गोळा होतं. माया खरी आहे, आणि सुतक आलं तर गणपतीचं काय ही चिंताही तितकीच खरी आहे. बापाशी न पटणारा मुलगा (जितेंद्र जोशी) या गर्दीत उभा आहे आणि त्याच्या हातात निर्णय आहे. चित्रपटात हसू आणि रडू एकाच बाकावर बसतात, कारण ते एकाच कुटुंबाचे आहेत. तिथे शोकाला नातेवाईक आहेत, खर्च आहे, धर्म आहे, खाणंपिणं आहे.

उमेश बिश्त यांच्या 'पगलैट'मध्येही (२०२१) तेच. लखनौच्या घरात लग्नानंतर पाच महिन्यांत विधवा झालेल्या संध्याला रडूच येत नाही, तिला चिप्स आणि पेप्सी हवं असतं. तेरा दिवसांच्या विधींत विम्याच्या ५० लाखांवरून सगळ्यांचे रंग बदलतात आणि गेलेल्या नवऱ्याचं जुनं प्रेमही समोर येतं. मीराच्या शोकाला यातलं काहीच नाही. जॉनच्या आईवडिलांना, मित्रांना या चित्रपटात जवळजवळ जागा नाही. मीराला एक चटपटीत बहीण आहे, एक सुंदर घर आहे आणि दुःख आहे. शोक इतका एकांतातला, स्वच्छ आणि बिनखर्चाचा असला की त्यातून विनोद निघायला जागाच उरत नाही. मग तो कचेरीतून आणि डेटिंग अॅपवरून आयात करावा लागतो.

सेलीन डिऑनचं काय केलं, हे तर आणखी चुटपुट लावणारं आहे. 'लव्ह अगेन' ही मूळ जर्मन गोष्ट आहे. सोफी क्रामर यांच्या कादंबरीवरून कारोलिने हेरफुर्ट यांनी २०१६ मध्ये 'एसएमएस फ्यूर डिश' दिग्दर्शित केला आणि नायिकाही त्यांनीच केली. त्यात नायकाच्या वाट्याला एक काल्पनिक गायिका येते, कात्या रीमान यांनी रंगवलेली. तिच्या जागी हॉलिवूडने खरीखुरी सेलीन डिऑन आणली, म्हणजे आपला नवरा गमावलेली एक खरी बाई. या बदलाने पटकथा मुळापासून हलायला हवी होती. काल्पनिक गायिकेने प्रेमाचे सल्ले द्यायला हरकत नव्हती. पण ज्या बाईचा तरुणपणापासूनचा आधार गेला, तिच्याजवळ सल्ल्याहून वेगळं काहीतरी असणार. ती रेनेविषयी बोलते तेव्हा चित्रपट क्षणभर थबकतो. त्या थोडक्या वाक्यांत जे आहे ते उरलेल्या पटकथेत कुठेच नाही. आणि लगेच तिला पुन्हा कामाला जुंपलं जातं: रॉबला धीर दे, रॉबला ढोस, रॉबची जोडी जुळव. जिला मीराची सखी करायचं, तिला रॉबची मध्यस्थ केलं. त्या दोघींना एका खोलीत बसवून नुसतं बोलू दिलं असतं, एक मध्यमवयीन कॅनेडियन विधवा आणि एक तरुण भारतीय चित्रकार, जिला लोक विधवाही म्हणणार नाहीत कारण लग्न झालंच नव्हतं, तर तेवढ्या एका दृश्यासाठी मी उरलेला चित्रपट सहन केला असता.

शोकावरची रोमँटिक कॉमेडी ही काही विचित्र मागणी नाही. आपल्या लग्नांत मंगलकार्याच्या आरंभी नांदीश्राद्ध करून पितरांना आवाहन करतात. नव्या जोडप्याच्या मांडवात सर्वांत आधी मानाने बोलावलेले असतात ते घरातले मेलेले. एफ्रन आणि मिंगेला यांनी आपापल्या पद्धतीने तेच केलं. 'स्लीपलेस इन सिॲटल'मध्ये (१९९३) विधुर सॅमला नवी बायको मिळण्याआधी गेलेल्या बायकोबद्दल रेडिओवर, देशभराच्या श्रोत्यांसमोर, बोलावं लागतं. त्याला ऐकणाऱ्या अॅनीने चोरून काही ऐकलेलं नाही. जे सगळ्यांना सांगितलं गेलं, तेच तिने ऐकलं.

'लव्ह अगेन'ला यापेक्षा अवघड आणि म्हणून अधिक मोलाची वाट सापडली होती. नको त्या माणसाने ऐकलेला शोक, त्याला झालेलं प्रेम, आणि मग त्या ऐकण्याची भरपाई. ही भरपाई माफीने होत नाही. रॉबने तो फोन मीराच्या हाती देऊन नंबर तिच्या नावावर करून दिला असता आणि स्वतः निघून गेला असता, तर ती एक सुरुवात झाली असती. पुढे मीराने काय लिहावं, कुणाला लिहावं, की काहीच लिहू नये, हे तिने ठरवलं असतं. त्यानंतर ती त्याच्याकडे आली असती तर आपणही उठून टाळ्या वाजवल्या असत्या.

हे लिहिणं स्ट्राउस यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, असं मला वाटत नाही. रिकाम्या घरातल्या आन्सरिंग मशीनशी बोलणारा नवरा ज्याने लिहिला, त्याला ही मुलगीही लिहिता आली असती. शोक हा प्रेमकथेतला नायिकेने पार करायचा अडसर आहे, असं या चित्रपटाने आधीच ठरवून टाकलं आणि मग शोकाला बोलूच दिलं नाही. एका संध्याकाळी यांतलं एकच काही पाहायचं असेल तर प्रियांकासाठीही 'लव्ह अगेन' लावू नका. 'ट्रूली, मॅडली, डीपली' पाहा, आणि मराठीतच पाहायचं असेल तर 'व्हेंटिलेटर' पुन्हा पाहा.